खाकी कागदावरची कोरी जागा

१

जुन्या लाकडाला नवं रूप देणं हा माझा धंदा. आरशांच्या चौकटी, भिंतीवरचे कोरीव मासे, खुंट्या, फुलदाण्या, घड्याळांच्या पेट्या, असं लोकांच्या घरात वर्षानुवर्षं काळवंडत पडलेलं सामान माझ्याकडे येतं आणि पांढरं, राखाडी नाहीतर फिकट निळं होऊन परत जातं. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या कामाला तो 'म्हाताऱ्यांना पावडर लावणं' म्हणतो आणि स्वतःच हसतो. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची सालं माझी गेलीत, त्याची नाहीत, त्यामुळे मला तितकंसं हसू येत नाही.

काम मागच्या खोलीत चालतं. घर आणि ती खोली यांच्यामध्ये फरशीचं छोटंसं अंगण आहे आणि ते तसं असणं गरजेचं आहे, कारण आमच्या मुंगीला दमा आहे. मुंगी म्हणजे आमची मुलगी. वय वर्षं आठ. सदान्‌कदा तोंडात काहीतरी धरून तुरुतुरु पळत असते, म्हणून हे नाव पडलं. गेल्या हिवाळ्यात तिचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "असा आणखी एक झटका तिला झेपेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." तेव्हापासून मी झोपेतही कान तिच्या श्वासाकडे ठेवून असते.

म्हणून मागच्या खोलीचे नियम कडक. मुंगीने अंगणाच्या मधल्या फरशीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. दार बंद, दाराखाली ओला टॉवेल, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. काम संपलं की अंघोळ करून, कपडे बदलूनच मी तिला जवळ घेते. एवढं करूनही शेजारीण येताजाता म्हणतेच, "दमेकरी पोरीच्या घरात कसले गं हे रंगाचे फवारे?" दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर मी तिला चार शब्द सुनावले असते. या गोष्टीवर मी टॉवेल पुन्हा ओला करून दाराखाली दाबते.

माझी एक सवय सांगायला हवी. वस्तू मी फिरत्या स्टुलावर ठेवते. तिच्या मागे छतापासून खाकी कागदाची गुंडाळी सोडलेली असते, ती भिंतीवरून खाली येऊन जमिनीवरून थेट माझ्या पायांपर्यंत पसरते. मी एका जागी उभी राहते, हलत नाही. स्टूल फिरवते आणि फवारा मारते. वस्तूवर न बसलेला रंग मागच्या कागदावर जातो, आणि वस्तू जिथे आड येते तिथे कागदावर तिच्या आकाराची कोरी जागा राहते. मला हे काम शिकवणारे मास्तर वस्तूकडे बघतच नसत, आधी कागद बघत. हात कुठे रेंगाळला, कुठे घाईने गेला, सगळं त्यावर दिसतं. बाकीचे कारागीर तो कागद चुरगळून फेकतात. मी तारीख घालून गुंडाळून ठेवते, वीस वर्षं ठेवत आले आहे.

२

घरं सजवून देणारी एक बाई मला अधूनमधून काम देते. या वेळी तिने एका हॉटेलसाठी चाळीस नग पाठवले. म्हणाली, "सगळं पांढरं हवं, पण जुनंही वाटलं पाहिजे." टक्कल झाकायचं, पण दिसलंही पाहिजे, अशातली ही मागणी. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मासा घेतला. हातभर लांब, खवले नीट कोरलेले, शेपटीजवळ थोडासा तुटलेला. घासला, पुसला, प्रायमर आधीच दिला होता. पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला, मासा बाजूला सुकायला ठेवला आणि सवयीने कागद बघायला वळले.

माशाची कोरी जागा होती तिथे होती. तिच्या उजव्या बाजूला, जरा खाली, आणखी एक होती.

वर गोल. मग निमुळतं. मग दोन्ही बाजूंना उतरतं. कागदाला घडी पडली असेल म्हणून मी हात फिरवला. घडी नव्हती. पंख्याच्या हवेने रंग तिथे पोचला नसेल, असंही स्वतःला सांगितलं. ते पटतही आलं होतं, पण तेवढ्यात माझी नजर खाली जमिनीवरच्या कागदावर गेली. भिंतीपासून दोन वीत अंतरावर दोन छोट्या कोऱ्या जागा होत्या, शेजारी शेजारी. त्यांना बोटं होती. मी मोजली, दहा भरली. बोटं भिंतीकडे होती आणि टाचा माझ्याकडे.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती भुताची नव्हती. मुंगी आत आली होती. मी मास्क लावून, फवारा मारत, माशाच्या खवल्यांत डोकं घालून उभी असताना माझी पोर रंगाच्या धुरात उभी होती आणि मला पत्ताही नव्हता.

३

ती शाळेतून आली तेव्हा मी अंगणातच उभी होते. दप्तर काढून घ्यायच्या आधी मी तिचं डोकं चाचपलं. केस, मान, कानांच्या मागे, नखं, सगळं.

"काय करतेस? गुदगुल्या होतात."

"तू मागच्या खोलीत गेली होतीस?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"म्हणजे रागावणार," मुंगी म्हणाली. "आई, मी शाळेत होते ना! बाबांना विचार."

बाबा मागेच होते. ते दोघं एकाच शाळेत जातात, एकाच स्कूटरवर. "दुपारच्या सुट्टीत माझ्या डब्यातलं अर्धं हिनेच खाल्लं," तो म्हणाला. "काय झालं?"

तिच्या अंगावर रंगाचा एक ठिपका नव्हता. त्या फवाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलेलं माणूस आठवडाभर तरी डोक्यातून पांढरे कण काढत बसतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला तशीच, रंगाच्या कपड्यांनिशी, छातीशी धरायला निघाले होते. मग भानावर आले आणि मागे सरले.

तरी मन स्वस्थ बसेना. संध्याकाळी मी तिला वहीच्या कागदावर उभं केलं आणि पावलांभोवती पेन्सिल फिरवली. नव्या चपला आणायच्या आहेत म्हणून सांगितलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, ही सासरकडची देणगी. तो कागद कापून मी मागच्या खोलीत नेला आणि जमिनीवरच्या कोऱ्या जागेवर ठेवला. बरोब्बर बसला. लांब बोटासकट.

नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा वर सरकवून पाहिलं, उकिडवा बसून पाहिलं.

"हवेचे भोवरे," तो म्हणाला. "पंखा खेचतो, भिंतीला हवा आपटते, मधे मोकळे कप्पे तयार होतात."

"भोवऱ्यांना बोटं असतात?"

"तू इतकं टक लावून बघितलंस की येतात. परवापासून झोपली नाहीस धड. उद्या पंख्याची जागा बदल."

मी पंख्याची जागा बदलली.

४

काही फरक पडला नाही. खुंट्या झाल्या, दोन चौकटी झाल्या, फुलदाणी झाली, आणि प्रत्येक कागदावर वस्तूच्या शेजारी ती कोरी जागा होतीच. स्टूल डावीकडे नेलं, तर तीही डावीकडे आली. गोलाच्या बाजूंना दोन टोकं दिसायला लागली, मुंगीच्या वेण्या जिथे संपतात तिथवर लोंबणारी. टाचा कायम माझ्याकडे, म्हणजे जी कोणी होती ती मला पाठमोरी होती.

शिवाय डबे पुरेनात. स्प्रेच्या एका डब्यात माझ्या हाताने दोन चौकटी सहज होतात. आता एकच होत होती, तीही काटकसर करून. हाताला वीस वर्षांचा अंदाज आहे, तो एका आठवड्यात चुकत नाही. रंग कागदावर जात नव्हता आणि लाकडावरही बसत नव्हता, तरी डबा हलका होत होता. तो कशावर तरी बसत होता.

मग आवाज. स्प्रेचा डबा हलवला की आत एक गोळी खळखळते, ते सगळ्यांना माहीत असतं. एकदा मी हलवता हलवता थांबले. गोळी थांबली. पंखा मी दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. मास्कच्या आत माझा श्वास होता, तो मी रोखून धरला. तरी खोलीत काहीतरी चालूच राहिलं. बारीक शिट्टीसारखं, आत जाताना कमी, बाहेर येताना जास्त. हा आवाज मला कोणी समजावून सांगायला नको. दोन वर्षं मी त्या आवाजाशेजारी झोपले आहे.

मी स्टुलाला वळसा घालून भिंतीपर्यंत गेले. तिथे काही नव्हतं. खाकी कागद होता आणि त्याच्यापुढे रिकामी जागा होती. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही, गार नाही, गरम नाही. मूर्ख आहेस, असं मी स्वतःला मोठ्यांदा म्हणालेसुद्धा. हात मागे घेतला तर चारही बोटांची टोकं ओल्या पांढऱ्या रंगाने माखलेली होती.

५

डॉक्टरांनी मुंगीच्या खोकल्याची वही ठेवायला सांगितली होती. किती वाजता, किती वेळ, पंप किती वेळा लागला, असं रोज लिहायचं. त्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी वही चाळली, मग तिच्या छातीला नळी लावली, पुन्हा वही पाहिली.

"काय बदललंत?" त्यांनी विचारलं. "छाती इतकी मोकळी मी हिची पहिल्यांदा ऐकतोय."

मुंगी म्हणाली, "मी काल जिन्यावरून पळत वर गेले. तीनदा!"

घरी आल्यावर नवऱ्याने तिला खांद्यावर घेऊन अंगणात चार फेऱ्या मारल्या. मी मागच्या खोलीत गेले, वही उघडली आणि कागदांच्या गुंडाळ्या काढल्या. दोन्हीकडे तारखा होत्या. लिहून ठेवायची माझी सवयच आहे. नसती तर बरं झालं असतं.

ज्या दिवशी कागदावर ती कोरी जागा होती, त्या दिवशी वहीत खोकला नव्हता. ज्या दिवशी मी काम केलं नव्हतं, चार रविवार आणि एक तापाचा दिवस, त्या दिवशी होता.

मी मास्तरांची शिष्या आणि विज्ञानशिक्षकाची बायको. खातरजमा केल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं मलाही कळतं. मी दोन दिवस कामाला हात लावला नाही. पहिल्या दिवशी मुंगी सकाळी खाकरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, पंप दोनदा लागला. तिसऱ्या दिवशी ती घरीच होती, उशीला टेकून, गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी मागे गेले, हाताला आली ती चौकट स्टुलावर ठेवली आणि बटण दाबलं. फवारा सुरू असतानाच अंगणापलीकडून तिची हाक आली, "आई, भूक लागली!"

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तो भोवरे म्हणाला असता, किंवा म्हणाला नसता, आणि मला दोन्ही नको होतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. खुंटीवर जादा मास्क होता, मुंगीच्या मापाचा, दवाखान्यातून आणलेला. तो त्या दोन पावलांच्या जागी ठेवावा, असं माझ्या मनात आलं. ती शिट्टी मला ऐकवत नव्हती, कोणाचीही असो. मी मास्क हातात घेतला आणि पुन्हा खुंटीवर लावला. तिने मास्क लावला आणि मुंगीचा श्वास अडकला तर काय, एवढाच हिशेब मी केला, आणि तो करायला मला फार वेळ लागला नाही.

६

चाळीस नग संपले. सजावटवाली बाई खूश होऊन गेली. नवं काम महिनाभर तरी नव्हतं.

मी घरातलं काढायला लागले. आधी बैठकीतला आरसा. मग घड्याळाची पेटी. मग पुस्तकांच्या फळ्या, एकेक.

"छान दिसतंय," नवरा म्हणाला.

मग खुर्च्या झाल्या. कपाटाची दारं बिजागरीतून काढून नेली. मुंगीच्या पलंगाचा कठडा नेला.

"उद्या मला झोपेत रंगवशील," तो म्हणाला आणि हसला. दोन दिवसांनी दाराच्या मुठी निघालेल्या दिसल्या तेव्हा तो हसला नाही. "काय चाललंय तुझं?" त्याने हळू विचारलं. "घरात बसायला खुर्ची नाही. सगळ्या ओल्या आहेत."

"मुंगी बरी आहे ना?"

"मुंगीचा काय संबंध?"

अंगणात मुंगी दोरीवरच्या उड्या मारत होती. शंभरच्या पुढे गेली होती आणि आकडे ओरडून म्हणत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि आत गेला. त्याला वाटलं असेल, हिला थकवा आलाय. मला थकवा नव्हता. मला भीती वाटत होती, रात्रंदिवस, की घरातलं लाकूड संपेल.

ते संपलं. त्या दिवशी मी रिकामं स्टूल ठेवलं आणि त्याच्या शेजारी नेम धरला. आता सोंग करण्यात अर्थ नव्हता, मी काय रंगवते आहे ते मला माहीत होतं. लांबून, हलक्या हाताने, वरून खाली आणि खालून वर, जसं शिकले तसं मारलं. पहिल्यांदाच ती मला कागदावर नाही, कागदासमोर दिसली. क्षणभरच, रंग ओला होता तोवर. मानेच्या मागची खळी. दोन वेण्यांमधला भांग, जरासा वाकडा, कारण तो रोज सकाळी घाईत मीच पाडते. खांद्यांची हाडं श्वासाबरोबर वर उचलली जात होती, खाली येत नव्हती, पुन्हा वर उचलली जात होती. मग खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि तिथे काही राहिलं नाही.

मी खाली बसून रडले. डोळे पुसून दुसऱ्या दिवसासाठी डबे मागवले.

७

डबे यायला चार दिवस लागले. दुकानदार फोनवर "आज येतील" म्हणायचा, आणि मी पुन्हा फोन करायचे. चौथ्या दिवशी दुपारी, मुंगी खोकत का होईना शाळेत गेलेली असताना, खोकं आलं. मी ते मागच्या खोलीत टाकलं, नवा कागद सोडला, आणि मास्क बांधत होते तेवढ्यात फाटकाशी स्कूटर आदळल्याचा आवाज आला.

"अगं, धर हिला!" नवरा ओरडत होता. "पंप चालत नाहीये! दोनदा दिला, तीनदा दिला! दवाखान्याची गाडी बोलावलीय!"

खिडकीतून मला दिसलं. त्याने तिला अंगणात पायरीवर बसवलं होतं. मुंगी पुढे वाकली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, आणि ओठांना तोच निळा रंग चढत होता.

"बाहेर ये! तिथे काय करतेस?"

मी दाराला आतून कडी लावली. डबा हलवला. गोळी खळखळली. स्टुलाच्या उजवीकडे, भिंतीपासून दोन वीत अंतरावर, नेहमीच्या जागी आधी खाली एक हलका फवारा मारला, ती आहे ना हे बघायला.

ती होती. कागदावर दोन पावलं उमटली, कोरी. बोटं माझ्याकडे होती.

इतके दिवस मी तिच्या पाठीला रंग दिला होता. पाठ कोणाचीही असू शकते, असं मी स्वतःला सांगू शकत होते. आता ती वळून उभी होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, तोंड माझ्याकडे करून. ती शिट्टी मला समोरून ऐकू येत होती आणि तीच शिट्टी अंगणातूनही येत होती. दोन्ही एका ठेक्यात.

"अगं दार उघड!" नवरा दार बडवत होता. "पोर चाललीय आपली!"

मी डबा उचलला. मुंगीचं कपाळ माझ्या छातीला लागतं, त्या उंचीवर धरला. मी बटण दाबलं.

आधी कपाळ आलं. मग मिटलेल्या पापण्या. नाकाचा शेंडा, त्यावर रंग जरा जाड बसला. मग वरचा ओठ. पापण्या उघडल्या, पण त्यांच्या आत पांढरं काही बसलं नाही, तिथून मला मागचा खाकी कागद दिसत होता. ओठ हलले. आवाज आला नाही, पण दोनच अक्षरं होती आणि ती मी आठ वर्षं ऐकत आले आहे.

मी बोट उचललं.

अंगणात खोकला इतक्या जोरात उसळला की नवऱ्याचं दार बडवणं थांबलं. मग खोकलाही थांबला. त्याच्यानंतर श्वासाचाही आवाज आला नाही, आणि नवरा तिचं खरं नाव घेऊन हाका मारायला लागला. ते नाव आम्ही फक्त शाळेच्या अर्जावर लिहितो.

मी पुन्हा बटण दाबलं आणि नेम खाली आणला, त्या उघड्या तोंडावर. ते मिटलं नाही. माझ्याकडे बघत ते उघडंच राहिलं आणि मी ते भरत गेले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. डबा फुसफुसला आणि रिकामा झाला.

"घेतला!" बाहेर नवरा रडत ओरडला. "श्वास घेतला गं तिने! घेतेय! दार उघड, बघ!"

आणि मुंगीचा आवाज आला, दमलेला पण स्वच्छ. "बाबा, आई कुठाय?"

समोर रंग अजून ओला होता. तोंड कुठे होतं ते आता ओळखू येत नव्हतं, तिथे सगळं सपाट आणि गुळगुळीत झालं होतं. मात्र खांदे वर उचलले जात होते. अजून उचलले जात होते.

पहिला हात सुकायच्या आत दुसरा द्यायचा नसतो, हे मला माहीत आहे. मी खोक्यातून दुसरा डबा काढला आणि हलवायला लागले.